पाचव्या लेण्याचे नाव

वारसा हा शब्द आपल्या जिल्ह्यात फार सैलपणे वापरला जातो. अजिंठा आणि वेरूळची लेणी १९८३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली आणि त्यानंतर या शब्दावर जणू सरकारी शिक्काच बसला. देवगिरीचा किल्ला, बीबी का मकबरा, पाणचक्की, खुलताबादचे दर्गे, पितळखोरे, पैठण ही नावे एका दमात घ्यायची आणि आपला जिल्हा किती श्रीमंत आहे असे म्हणून मोकळे व्हायचे, ही रीतच पडून गेली आहे. परंतु वारसा म्हटला की वारस आलाच. आणि वारस आला की वाटणीचा प्रश्न आला. या वाटणीत गावकुसाबाहेरच्या माणसाच्या पदरात काय पडले, हे विचारल्याखेरीज वारशाची चर्चा प्रामाणिक होऊ शकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी येथे वास्तूंची समीक्षा करणार नाही. वास्तूंविषयी जे लिहिले आणि बोलले जाते, त्याची करणार आहे. या जिल्ह्यातील स्थळांवरच्या मराठी पुस्तिका, शाळेच्या सहलींसाठी काढलेली माहितीपत्रके, मार्गदर्शकांची तोंडपाठ भाषणे मी गेली काही वर्षे लक्षपूर्वक वाचीत आणि ऐकत आलो आहे. हे सारे साहित्यच आहे. शाळेतले पोर आयुष्यात पहिल्यांदा इतिहास डोळ्यांनी पाहते, ते याच मजकुराचे बोट धरून. तेव्हा त्याला समीक्षेतून सूट देण्याचे काही कारण नाही.

या मजकुराचा एक लाडका शब्द आहे : 'बांधविले'. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याने कैलास लेणे कोरविले. शाहजादा आझमशहा याने आईच्या स्मरणार्थ मकबरा बांधविला. मराठी व्याकरणात याला प्रयोजक क्रियापद म्हणतात. करणारा एक, करविणारा दुसरा. व्याकरण येथे लेखकापेक्षा प्रामाणिक आहे. या वाक्यात आणखी एक माणूस आहे, हे ते कबूल करते. लेखक मात्र त्या माणसाकडे ढुंकूनही पाहत नाही. मकबऱ्याला ६,६८,२०३ रुपये ७ आणे खर्च आला, हा आकडा आण्यांपर्यंत दिला जातो. कैलासासाठी सुमारे दोन लाख टन दगड काढावा लागला, असा अंदाज सांगितला जातो. रुपयांचा हिशेब झाला, दगडाचे वजन झाले. ज्यांच्या डोक्यावरून हा दगड वाहिला गेला त्यांचे काय? मंगळवेढ्याला १३३८ साली गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि मजुरांबरोबर चोखामेळा गाडला गेला, असे परंपरा सांगते. त्या ढिगाऱ्याखालचे एकच नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण तो अभंग रचणारा होता. बाकीच्यांनी अभंग रचले नाहीत; त्यांनी फक्त भिंत रचली.

अपवाद नाहीत असे नाही. कन्नड तालुक्यात सातमाळा डोंगराच्या घळीत पितळखोऱ्याची लेणी आहेत. ख्रिस्तपूर्व काळातली, अजिंठ्याच्या आद्य लेण्यांच्या बरोबरीची. तेथील शिलालेखांत प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, दात्यांची नावे आहेत. त्यांत मितदेव नावाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, मगिल नावाच्या राजवैद्याचे कुटुंब आहे. येथेच एक बुटक्या यक्षाची मूर्ती सापडली, ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दोन्ही हात वर करून त्याने डोक्यावर पात्र तोलून धरले आहे आणि तो हसतो आहे. त्याच्या हातावर एक ओळ कोरलेली आहे : ही मूर्ती कान्हदास नावाच्या सोनाराने घडविली. कोरीव मजकुरात राजा नाही, मंत्री नाही. ओझे वाहणाऱ्याच्या हातावर घडविणाऱ्याचे नाव आहे. वारशाची व्याख्या मला येथून सुरू करावीशी वाटते. पण पितळखोऱ्याला जाणारी वाट अवघड, त्यामुळे सहली तेथे फारशा जात नाहीत. त्या वेरूळला जातात. म्हणून मीही आता वेरूळला येतो.

वेरूळला एकूण ३४ लेणी मोजली जातात. दक्षिणेकडून पहिली १२ बौद्ध, मधली १७ हिंदू, उत्तरेकडची ५ जैन. रस्ता येऊन थांबतो तो कैलासापुढे, म्हणजे सोळाव्या लेण्यापुढे. बहुतेक पाहुणे तेथेच तास-दोन तास घालवितात. ज्यांना उजवीकडे वळून डोंगराच्या दक्षिण टोकाकडे जाण्याची सवड होते, त्यांना पाचवे लेणे भेटते. सुमारे ११७ फूट खोल, साठेक फूट रुंद असा प्रचंड विहार. खांबांच्या दोन रांगा, त्यांच्यामधून आतपर्यंत गेलेले दोन लांबच लांब दगडी बाक, कडेला भिक्षूंच्या खोल्या, आणि शेवटी गाभाऱ्यात बसलेले बुद्ध. या बाकांवर समोरासमोर बसून भिक्षू पाठ म्हणत असतील किंवा जेवत असतील, असे अभ्यासक म्हणतात. एका पंगतीत, एका उंचीच्या बाकावर. बसणाऱ्याची जात विचारणारा बाक दगडातून कोरता येत नाही.

या लेण्याचे स्थानिक नाव आहे महारवाडा. त्याच्या आजूबाजूच्या, दक्षिण टोकाच्या सबंध गटाला ढेडवाडा म्हणत. ही नावे मी आज रचलेली नाहीत. फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी १८८० साली प्रसिद्ध केलेल्या 'द केव्ह टेम्पल्स ऑफ इंडिया' या ग्रंथात ती नोंदविली आहेत. डोंगरावरची बाकीची नावेही त्यांच्याबरोबर वाचावीत. दहावे लेणे, जे बौद्ध चैत्यगृह आहे, ते सुतार की झोपडी किंवा विश्वकर्मा. छताच्या दगडी फासळ्या लाकडी वाशांसारख्या दिसतात म्हणून सुतारांनी तेथील बुद्धाला आपला विश्वकर्मा मानले. चोविसावे तेल्याची घाणी. पंचविसावे कुंभारवाडा. सोळावे कैलास, एकविसावे रामेश्वर. जैनांच्या लेण्यांना इंद्रसभा आणि जगन्नाथसभा. म्हणजे काय झाले? भिक्षू निघून गेले, राजे मेले, कोरणारे विसरले गेले. मग खालच्या गावाने वर डोंगराकडे पाहिले आणि डोंगरावर आपलेच गाव वसविले. मध्ये देव. त्यांच्या आसपास तेली, कुंभार, सुतार. आणि अगदी टोकाला, वस्ती संपते तेथे, महारवाडा. कोणत्या लेण्यात कोणता धर्म आहे याचे ज्ञान गावाला राहिले नव्हते. पण सर्वांत शेवटी कोण राहतो, याचे ज्ञान मात्र पक्के होते. जातिव्यवस्था ही केवळ मनात नसते, ती जागेत असते, हे मी पुस्तकांतून वाचले होते. वेरूळच्या डोंगरावर ते नावांनिशी लिहिलेले आहे.

या नावाचे आजचे मार्गदर्शक काय करतात? मी दोन प्रकार पाहिले आहेत. एकदा एका शाळेची सहल आली होती. मार्गदर्शकाने पाचव्या लेण्याचे जुने नाव सांगितले आणि सांगताना गालातल्या गालात हसला. पोरे हसली. मागे उभ्या असलेल्या एका मुलाने मान खाली घातली आणि तो आपल्या चपलेचा अंगठा उगाच चाचपू लागला. त्या मुलाशी मी काही बोललो नाही. बोलायला हवे होते. शाळेत हजेरीपटावरून आडनाव वाचले जाताना मीही अशीच मान खाली घातलेली आहे. दुसऱ्या वेळी आमची काही मंडळी निळे बिल्ले लावून आली होती. त्यांच्यासमोर दुसऱ्या एका मार्गदर्शकाने ते नाव उच्चारलेच नाही. नुसते 'लेणे क्रमांक पाच' म्हणून तो पुढे सरकला. एकाने अपमान केला, दुसऱ्याने सभ्यपणा केला. परंतु दोघांनीही इतिहास सांगितला नाही.

प्रवासी पुस्तकांत या नावाचा एक खुलासा आढळतो. पावसाळ्यात महार लोक या लेण्यात आसरा घेत, म्हणून हे नाव पडले. खुलासा एका ओळीत उरकलेला असतो. मी त्या ओळीपाशी बराच वेळ थांबलो. समजा, हे खरे आहे. मग पुढचा प्रश्न असा की पावसात आसरा शोधण्याची पाळी का आली? ज्याचे छप्पर पावसात टिकत नाही आणि ज्याला गावातल्या देवळाच्या ओसरीवर पाय ठेवता येत नाही, तोच माणूस डोंगरात जातो. एका निरुपद्रवी वाक्यात सबंध गावगाडा बसलेला आहे आणि लिहिणाऱ्याला त्याची जाणीव नाही.

याच वाक्यात दुसरीही एक गोष्ट आहे. विहार खोदले गेले ते कशासाठी? भिक्षू नऊ महिने चालत असत आणि पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहत असत. त्याला वर्षावास म्हणतात. पावसात माणसाला थांबता यावे, हा विहाराचा मूळ हेतू. तेव्हा ज्या महारांनी पावसाळ्यात पाचव्या लेण्यात बिऱ्हाड मांडले असेल, त्यांनी त्या वास्तूचा कोरणाऱ्यांच्या मनात होता तोच उपयोग केला. विद्वानांना १८८० साली विहार ओळखता आला, त्याआधी त्यात राहायला आलेल्यांनी तो न ओळखताही वापरला. ज्याला लोक शिवी समजतात, तो माझ्या दृष्टीने वारसाहक्काचा एक जुना पुरावा आहे.

आता देवगिरीकडे येऊ. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि चळवळीतील सुमारे तीस माणसे सहलीला निघाली. सहलीचे ठरलेले ठिकाण होते वेरूळची बौद्ध लेणी. नाशिकहून येवल्यामार्गे मोटारींनी ही मंडळी निजामाच्या राज्यात आली आणि वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला उतरली. रमजानचा महिना होता. किल्ल्याच्या दाराबाहेर एक लहान हौद काठोकाठ भरलेला होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काही जणांनी त्यातले पाणी घेऊन कडेच्या फरशीवर तोंड आणि पाय धुतले. मागून एक वृद्ध मुसलमान ओरडत आला : या ढेडांनी हौद बाटविला. जमाव जमला, शिव्या सुरू झाल्या. बाबासाहेबांनी त्यांना विचारले की तुमचा धर्म हेच शिकवितो काय, आणि हा अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तर त्याला तुम्ही या पाण्यापासून अडवाल काय. शेवटी किल्ल्यात जाण्याची परवानगी मिळाली ती एका अटीवर : आत कोठेही पाण्याला हात लावायचा नाही. लक्ष ठेवायला हत्यारबंद शिपाई बरोबर दिला गेला. हा प्रसंग बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात नोंदविला. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केले.

देवगिरीवरच्या ज्या मराठी पुस्तिका माझ्या हाती आल्या, त्यांत रामदेवराय आहे, अल्लाउद्दीन आहे, राजधानी हलविणारा तुघलक आहे, अंधारी वाट आहे, खंदक आहे, मेंढा तोफ आहे. शत्रूला कसे अडवीत, याची वर्णने अगदी रंगून केलेली आहेत. हौद नाही. ज्या माणसाने पुढे देशाच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविले, त्याला याच दारात पाण्यावरून अडविले गेले, ही घटना इतिहास नाही काय? खंदक आणि अंधारी वाट ही शत्रूसाठी होती. हौदाजवळची तटबंदी आमच्यासाठी होती, आणि ती कोणत्याही सुलतानाला पाडता आली नाही.

येथे एक सावधगिरी घेतली पाहिजे. हा प्रसंग अलीकडे काही लोक मोठ्या आवडीने सांगतात, कारण त्यात अडविणारा मुसलमान आहे. त्यांना चोखोबा अडतो तेव्हा बोलायचे नसते. बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहिला तो एका धर्माला झोडपण्यासाठी नव्हे. हिंदूंना जो अस्पृश्य, तो या देशात इतरांनाही अस्पृश्य ठरतो, रोग एका घरातून निघून सबंध गल्लीत पसरतो, हे दाखविण्यासाठी. त्याच्या आधी त्यांनी पारशांच्या खानावळीतला अनुभव सांगितला आहे. प्रसंगाचा अर्धाच भाग घेऊन दुसऱ्याच्या अंगावर फेकणे, हीही वारशाची लूटच आहे.

पाण्याचा विषय निघाला म्हणून आणखी एक नोंद. ज्या शहरात मी हे लिहितो आहे, ते १६१० साली खडकी म्हणून वसविले मलिक अंबरने. हा हबशी माणूस गुलाम म्हणून एका हातून दुसऱ्या हाती विकला गेला होता. त्याने डोंगरातले पाणी भुयारी नहरीने शहरात आणले. नहर-ए-अंबरी ती हीच. पुढे पाणचक्कीलाही अशाच नळांनी पाणी आले. एका गुलामाने सबंध शहराला पाणी पाजले, आणि त्याच शहरापासून काही कोसांवर स्वतंत्र बुद्धीच्या एका माणसाला ओंजळभर पाण्यासाठी शिव्या खाव्या लागल्या. या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून लिहिलेली पुस्तिका मला वाचायची आहे.

बाबासाहेबांनी या अपमानाला उत्तर दिले ते येथेच, नाव ठेवून. १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने या शहरात महाविद्यालय काढले. पुढच्या वर्षी १ सप्टेंबरला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. बाबासाहेबांनी त्याला मिलिंद हे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद राजा प्रश्न विचारीत होता, भिक्षू नागसेन उत्तरे देत होता. ज्या जिल्ह्यात बुद्धाच्या विहाराला महारवाडा म्हटले गेले, तेथे महारवाड्यातून आलेल्या मुलांच्या विद्यालयाला प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव मिळाले. नावाचे मोल आम्हांला ठाऊक आहे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांच्यासारखी माणसे मारली गेली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. या शहराचे नाव २०२३ साली बदलले. त्यासाठी न्यायालयात वाद झाले, सभा झाल्या. आमच्या नामांतराला मात्र सोळा वर्षे आणि जळालेली घरे लागली. विद्यापीठाचे प्रवेशद्वार हे त्यामुळे माझ्या लेखी वारसास्थळ आहे. त्याची नक्षी किती जुनी आहे, हा प्रश्न गौण होय.

आता आपल्याही घरातला केर काढला पाहिजे. अजिंठा आमचा, वेरूळ आमचे, असे आपल्या व्यासपीठांवरून म्हटले जाते. भावना मला समजते. विजयादशमीला विद्यापीठामागच्या बुद्ध लेण्यांकडे माणसांची रीघ लागते, तिच्यात मीही चाललेलो आहे. पण सुवर्णयुगाची भाषा बोलू लागलो की आपणही 'कोरविले' म्हणू लागतो. अजिंठ्याचे सोळावे लेणे दान दिले ते वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने. आणि घटोत्कच लेण्यातील त्याच्याच शिलालेखात हे घराणे आपले मूळ वल्लूर ब्राह्मणांत सांगते. बुद्धाचा मार्ग समतेचा होता, म्हणून त्याची प्रत्येक वास्तू समतेतूनच उभी राहिली असे म्हणता येत नाही. राजाच्या जागी आपला राजा बसवून वंशावळ लिहिली, तर हातावर नाव कोरणारा कान्हदास पुन्हा हरवेल.

दुसरा केर शरमेचा आहे. आपल्यातले काही शिकलेले लोक म्हणतात, पाचव्या लेण्याचे ते नाव पुस्तकांतून काढून टाका, आम्हांला ते ऐकवत नाही. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, त्याचा ते दाखला देतात. त्या निर्णयाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. जिवंत माणसाच्या रेशनकार्डावर, त्याच्या पोराच्या दाखल्यावर जातीचा पत्ता असता कामा नये. तेथे नाव ही बेडी आहे. परंतु लेण्यात आज कोणी राहत नाही. तेथे ते नाव साक्षीदार आहे. वस्तीवरची पाटी उतरविली की माणूस मोकळा होतो. लेण्यावरचे नाव पुसले की फक्त आरोपी मोकळा होतो. उद्या कोणी म्हणेल, या डोंगरावर जात कधी नव्हतीच, सगळे धर्म गुण्यागोविंदाने नांदत होते. तसे म्हणायला सुरुवातही झाली आहे. तीन धर्म एका डोंगरावर, केवढी ही सहिष्णुता! त्या सहिष्णुतेच्या टोकाला महारवाडा होता, हे सांगणारा एवढा एकच शब्द उरला आहे, आणि तोही आपणच खोडून टाकायचा?

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. पाचव्या लेण्याचे जुने नाव हसून सांगू नये आणि लाजून लपवूही नये. ते कारणासहित सांगावे : हे कोणी ठेवले, का ठेवले, पावसाळ्यात येथे कोण राहत होते, आणि त्यांच्याआधी पावसाळ्यात येथे कोण राहत होते. किल्ल्याच्या माहितीत तोफेइतकीच जागा हौदाला मिळावी. सहलीचा मार्ग नागसेनवनातून आणि विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराजवळून जावा. आपल्या शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांनी यासाठी कोणाच्या आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही. वेरूळला जाताना आपली पुस्तिका आपण लिहावी आणि मुलांच्या हाती द्यावी.

ते मान खाली घातलेले पोर आता मोठे झाले असेल. पुढच्या सहलीत त्याच्यासारखा कोणी पाचव्या लेण्यापुढे उभा राहिला आणि ते नाव निघाले, तर त्याला पुढे काय म्हणायचे ते ठाऊक असले पाहिजे. त्याच्या हाती पहिली पुस्तिका देण्याचे काम मी स्वतःकडे घेतले आहे. ज्यांना मदत करावीशी वाटते त्यांनी आपापल्या गावच्या वास्तूंची बोलीतली नावे लिहून आणावीत. म्हाताऱ्या माणसांना ती अजून पाठ आहेत.